केशरी जर्दाळू

सून सुकामेव्याच्या कारखान्यात निवडणीच्या टेबलाशी बसायची. तिथे जर्दाळूंना गंधकाची धुरी देत, म्हणजे रंग केशरी राहतो. धुरीच्या खोलीत न मावलेले तसेच सुकायचे आणि काळे पडायचे. गिऱ्हाईक त्यांना बघून नाक मुरडायचं, म्हणून ते कामगारांनी फुकट न्यावेत अशी रीत होती. बाकीच्या बायका पिशव्या भरभरून न्यायच्या. ही मात्र त्यांना शिवायची नाही. लग्न झाल्या झाल्या सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "हिच्या माहेरी सगळं उरलंसुरलंच." झालं, ते वाक्य हिच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. तेव्हापासून ती घरी केशरीच न्यायची, तेही विकत घेऊन.

सासूबाईंना दमा होता आणि जिभेचे चोचलेही कमी नव्हते. दुपारी खिडकीशी जर्दाळू चघळत त्या शेजारणीला ऐकवायच्या, "आमची सून निवडून आणते हो." ते ऐकून सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हल्ली दमा उसळला होता. आज तर सासूबाईंचे ओठ निळे पडले आणि सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याची चौकशी केली आणि जर्दाळूंपाशी थांबल्या.

"धुरीचे?"

"हो. चांगलेच आणते मी."

"बहुतेकांना त्यानं काही होत नाही. पण काही दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो. यांचं तेच असेल असं नाही, तपासू. तोवर बंद ठेवा. बिनधुरीचे मिळाले तर बघा."

बिनधुरीचे! रोज हाताखालून जाणारी ती काळ्या जर्दाळूंची टोपली सुनेला आठवली आणि तिला स्वतःचीच चीड आली. ती खाटेपाशी गेली. सासूबाईंच्या तोंडावर वाफेचा मास्क होता.

"आई, माझ्यामुळे झालं हो हे. त्या जर्दाळूंमुळे."

सासूबाईंनी मास्क जरा बाजूला केला. "मला संशय होता गं. खाल्ले की छाती आवळायची."

"मग खात कशाला राहिलात?"

"नको म्हटलं असतं," त्यांनी दम घेतला, "तर तुला वाटलं असतं, म्हातारी अजून माहेरच काढतेय."

सुनेला रडू फुटलं. तिनं मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर नीट बसवला.