आरतीआधी उठू नये

"या, जरा पुढं सरका. पाण्यानं गिळलेल्या राज्याची गोष्ट सांगते," म्हणत श्यामलाबाईंनी झांज उचलली.

व्हाइटफील्डच्या त्या निवासी संकुलातला पहिल्या मजल्यावरचा हॉल कीर्तनाला भरला होता. बाहेर दुपारपासून पाऊस. दाराशी संकुलाचा रखवालदार मल्लाप्पा घुटमळत होता. मागच्या ओढ्याचं लोखंडी दार त्याच्या ताब्यात. पाणी चढलं की तो ते खाली सोडून बंद करायचा, नाहीतर सगळा लोंढा तळघरात. तळघरातल्याच खोलीत त्याची बायको गंगव्वा तापानं पडून होती.

"बस रे अण्णा, देवाचं नाव कानावर पडू दे," बाई मायेनं म्हणाल्या.

"स्वल्पच बसतो हं, अक्का."

पूर्वरंग झाला, बुक्का लागला. उत्तररंगाला बाईंनी लेकीच्या गावचं आख्यान लावलं. वेदिका वेल्सच्या किनाऱ्यावर राहते. तिथं ओहोटी लागली की वाळूतून जुन्या झाडांचे बुंधे वर येतात. फार पूर्वी तिथं हिरवंगार राज्य होतं म्हणे, बांधानं राखलेलं. बांधाच्या दारावर एक राखणदार. तो मेजवानीला बसला, अन् दार उघडंच राहिलं.

"आपण तरी कुठं कोरड्यावर आहोत? ही इमारतही तळं बुजवूनच उभी राहिलीय!"

"बाई, होडी घ्यायला लावता की काय!" मागच्या रांगेतून पुष्कर म्हणाला. हॉल हसला.

मल्लाप्पा अर्धवट उठला. शेजारी बसलेल्या नीलाताईंनी त्याची बाही धरली.

"आरतीआधी उठू नये, अण्णा. दोष लागतो."

त्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंना ते दिसलं. पण सूर लागला होता, समुद्र बांधाला भिडला होता. असा रंग रोज भरत नाही. त्यांनी तळहात किंचित खाली केला. तो बसला.

राज्य बुडालं तेव्हा पुष्करनंही डोळे पुसले.

आरतीच्या दुसऱ्या कडव्याला दिवे गेले. कोणी थांबलं नाही. टाळ्यांच्या तालावर अंधारातच आरती पुरी झाली. मग मल्लाप्पाला कोणी अडवलं नाही. जिन्यावरून त्याची हाक खाली खाली जात राहिली.

"गंगव्वा! ए गंगव्वा!"

आणि पाण्यात पाय पडल्याचा आवाज.

पुरुष मोबाइलचे दिवे लावून त्याच्यामागं धावले. मागं राहिलेल्यांतून सवयीनं दोन-चार हात प्रसादाला पुढं आले. श्यामलाबाईंनी तबक खाली ठेवलं.

"नाव घ्यायचंच असेल बायांनो," त्या म्हणाल्या, "तर आता गंगव्वाचं घ्या."