छटाकची एकच मागणी

लोकशाहीचा उगम घरात होतो, आणि ज्या घरात प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं त्या घरातूनच समाजाला नेते मिळतात, असं मी आयुष्यभर लिहीत आलो. आमच्या घरात तो उगम झाला तेव्हा मी उकडलेले बटाटे सोलत होतो आणि कोणीही कोणाचं ऐकत नव्हतं.

चिरंजीव बाहेरच्या खोलीत आवाज तापवत होते. ते बसस्थानकावर उद्घोषक आहेत. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार हे सांगणारा जो घनगंभीर आवाज सगळं गाव ऐकतं, तो आमच्या मोरीत मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांमधून तयार होतो. मार्ग बदलले की ते नवे मार्ग घरी घोकतात, पूर्ण आवाजात. सूनबाई स्वयंपाकघरात मोटार शिकवत होत्या. मोटार अर्थात बाहेर उभी होती, आत नुसते नियम. लेखी परीक्षेत आपटलेले दोन प्रौढ गृहस्थ टेबलाशी बसले होते. मिठाची बरणी हा ट्रक होता, साखरेचा डबा हा गोल चौक, आणि मी सोललेला प्रत्येक बटाटा रस्ता ओलांडणारा पादचारी म्हणून माझ्या हातातून उचलला जात होता.

तेवढ्यात नात आली. तिला आम्ही छटाक म्हणतो. जन्मली तेव्हा छटाकभर होती. आता हायस्कुलात आहे, पण मापात फारसा फरक नाही.

"मी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाला उभी राहतेय," ती म्हणाली.

"आधी बघायचं, मग वळायचं," सूनबाई म्हणाल्या. ते एका गृहस्थाला होतं.

छटाकने पुन्हा सांगितलं. बाहेरून उत्तर आलं की जलद गाडी आज थोडी उशिराने सुटेल. तेव्हा ती स्टुलावर चढली, बापाच्याच पट्टीत तिसऱ्यांदा ओरडली, आणि घर गप्प झालं. एक बटाटा चौकात घरंगळला.

"अध्यक्ष?" सूनबाई म्हणाल्या. "आणि करणार काय होऊन?"

"शाळा सुटल्यावर ग्रंथालय दोन तास उघडं ठेवायला लावणार."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच."

तिचं गणित साधं होतं. शाळेची घंटा झाली की ग्रंथालयाला कुलूप लागतं आणि छटाकला घरी यावं लागतं. घरी म्हणजे इथे. गेल्या परीक्षेत इतिहासाच्या पेपरात तिने तहाच्या अटींमध्ये 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी' ही अट घातली होती. वर्षाअखेरीच्या परीक्षेत असंच झालं तर पुढे तिला विज्ञानाला प्रवेश मिळणार नव्हता, आणि तिला विज्ञानच हवं होतं. जिन्यात बसून बघितलं, तिथे दिवा नाही. कानात कापूस घालून बघितला, तर बापाचा आवाज कापसाला जुमानत नाही. घरात दार असलेली एक खोली आहे, पण ती माझी. तिला लेखनाची खोली म्हणतात. निवृत्त झाल्यापासून मी तिथे शब्दकोडं सोडवतो, आणि त्याला एकाग्रता लागते.

"एवढीशी मागणी घेऊन कोणी निवडणूक लढवतं का गं?" चिरंजीव गळ्याला मफलर गुंडाळत आत आले. "समोर कोण आहे?"

"गोलकीपर."

"त्याची मागणी?"

"मधली सुट्टी दुप्पट."

"संपलं," चिरंजीव म्हणाले. "तुला मदत लागणार."

"बाबा, नको. मी फक्त वर्गावर्गात जाऊन सांगणार आहे."

पण आमचं घर म्हणजे एकाने शिंकावं तर तिघांनी काढा करावा. त्या घटकेपासून तिच्या मदतीला तीन माणसं लागली आणि तिचं नशीब फिरलं.

पहिला मान सूनबाईंचा. पोस्टर कसं असावं यावर त्यांचं मत ठाम होतं: चालत्या माणसाला क्षणात कळलं पाहिजे. त्यांनी रात्री बसून रस्त्यावरच्या पत्र्याच्या पाट्या शिकवून आलेली कला कागदावर उतरवली. लाल काठाचा पांढरा त्रिकोण, आत काळं पुस्तक. दुसरं, लाल गोल, त्यात बंद दार आणि त्यावर तिरकी रेघ; म्हणजे दार बंद करण्यास मनाई. रंगसंगती निर्दोष होती. रस्त्यावर लावली असती तर वाहतूक थांबली असती.

शाळेतही थांबली. त्रिकोण पाहून मुलांना वाटलं पुढे फरशी ओली आहे, आणि ती भिंतीला धरून चालू लागली. जिन्याजवळचा लाल गोल पाहून एक अख्खा वर्ग मागे फिरला आणि लांबच्या जिन्याने गेल्यामुळे तासाला उशिरा पोचला. दुपारी शिपायाने प्रत्येक त्रिकोणाखाली एकेक बादली आणून ठेवली, खबरदारी म्हणून.

"लोक चिन्हं पाळतायत," सूनबाई समाधानाने म्हणाल्या. "हल्ली हे कुठे दिसतं, अप्पा?"

मी कपाळाला हात लावला. चिरंजीवांनी माझा हात खाली घेऊन त्यात ध्वनिफीत ठेवली. म्हणजे ठेवली असती, हल्ली ती फोनात असते. भाषणाआधी वाजवायला त्यांनी बसस्थानकावरची ती तीन सुरांची घंटा आणली होती. टिंग, टाँग, टिंग. "माणूस कितीही गप्पा मारत असो," ते म्हणाले, "ही वाजली की मान वर करतोच. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. ध्वनियंत्रणा मी सांभाळीन. शाळेला सांगितलंय, फुकट करतो."

"बाबा, प्लीज. आमची सगळी मुलं तुझ्याच स्टँडवरून घरी जातात."

"म्हणूनच! ओळखीचा आवाज. विश्वास बसतो."

आता अशा घरात निदान एका तरी माणसाने डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं. मी ठेवलं. मी तिला भाषण लिहून दिलं.

मुलीचं स्वतःचं भाषण एका वाक्याचं होतं: ग्रंथालय दोन तास जास्त उघडं ठेवा, काही जणांना घरी अभ्यास करता येत नाही. मी तिला खोलीत घेतलं, दार लावलं, आणि समजावलं की सरळ बोललेलं कोणी ऐकत नाही. लोकांना जागं करायचं तर उलटं बोलावं. ग्रंथालय बंदच करा म्हणावं, इतक्या गंभीरपणे म्हणावं की ऐकणाऱ्याला त्यातला मूर्खपणा दिसावा. आणि तो ओशाळून हसला की 'पण' म्हणून एक क्षण थांबावं आणि खरी मागणी ठेवावी.

तिने वाचलं. "आजोबा, त्यांना कळेल का हे?"

"तुझ्या आजोबांचं लिखाण चाळीस वर्षं लोकांना कळलंय."

"आजी म्हणायची, कळलं नाही म्हणून चाळीस वर्षं चाललं."

तिच्या आजीला माझ्या लिखाणातलं फारसं समजत नसे. तेही मी छटाकला समजावलं. शेवटी ती दमून "बरं" म्हणाली. आमच्या घरात बहुतेक निर्णय असेच होतात.

भाषणांच्या दिवशी सभागृहात पालकांना मागच्या रांगा दिल्या होत्या. आधी गोलकीपर बोलला. "मधली सुट्टी दुप्पट. बस्स," असं म्हणून तो खाली बसला. मुलांनी बाकं बडवली. मला त्या पोराची कीव आली. भाषाशैली म्हणून काही नव्हतीच.

मग छटाक उभी राहिली. पोडियममागून तिचं फक्त कपाळ दिसत होतं. आणि टिंग, टाँग, टिंग.

अर्धं सभागृह उठलं. मुलांचा दोष नाही. रोज त्या आवाजाला जो उठत नाही त्याची गाडी चुकते. दप्तरं पाठीवर गेली, रांगा लागू लागल्या. मुख्याध्यापिकाबाई "बसा! बसा!" करत दाराशी धावल्या. सगळे पुन्हा बसल्यावर छटाकने कागद उघडला.

"मित्रांनो," ती म्हणाली, "काही लोक म्हणतात ग्रंथालय जास्त वेळ उघडं ठेवा. कशासाठी? पुस्तकं दिवसभर उभी असतात. त्यांचे पाय दुखत नसतील?"

कोणी हसलं नाही. पण दोन-चार माना हलल्या. मला वाटलं, मुरतंय.

"वाचून डोळे बिघडतात. मग चष्मा लागतो. चष्मा लागला की सगळं स्पष्ट दिसतं, आणि शाळेत सगळं स्पष्ट दिसणं प्रकृतीला बरं नाही."

"बरोबर आहे!" पुढून कोणीतरी ओरडलं. ती घाबरली, आणि घाबरली की तिचा वेग वाढतो. माझ्या शेजारी सूनबाईंचा उजवा पाय अस्वस्थ झाला. ज्यांनी आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढलं त्यांचा पाय त्यांच्या ताब्यात राहत नाही.

"म्हणून माझं म्हणणं, दोन तास जास्त कशाला, ते दिवसभरच बंद ठेवा! कुलूप लावा! किल्ली हरवून टाका! पण—"

सूनबाईंनी ब्रेक दाबला. लाकडी जमिनीवर टाच अशी आपटली की माझा चष्मा नाकावरून घसरला. छटाक या आवाजावर लहानाची मोठी झालेली आहे. तो आला की ती जागच्या जागी थांबते, मग रस्ता असो की वाक्य.

ती थांबली. आणि त्या रिकाम्या जागेत टाळ्या घुसल्या. टाळ्या, शिट्ट्या, बाकं, पाय. चाळीस वर्षांत मला अशा टाळ्या मिळाल्या नाहीत. ध्वनियंत्रणेपाशी चिरंजीवांना वाटलं भाषण संपलं, उत्तम संपलं. त्यांनी कृतार्थ चेहऱ्याने बटण दाबलं. टिंग, टाँग, टिंग.

या वेळी मुलांना कोणीच थांबवू शकलं नाही.

सभागृह रिकामं झालं तेव्हा छटाक अजून पोडियममागे होती. तिने उरलेलं वाक्य वाचलं. "पण हे ज्यांना पटलं नसेल त्यांनी मला मत द्या, म्हणजे ग्रंथालय दोन तास जास्त उघडं राहील." ते ऐकायला आम्ही घरचे होतो, खुर्च्या मिटून ठेवणारा शिपाई होता, आणि बुटाची नाडी बांधत मागे राहिलेला गोलकीपर.

"छान बोललीस गं," गोलकीपर म्हणाला. "सुट्टी काय, आज ना उद्या मिळेलच. पण ग्रंथालय बंद करायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं मत तुला."

निकाल एकतर्फी लागला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. मी छटाकबरोबर गेलो. बाईंच्या मागे मोडक्या बाकांचा ढीग छतापर्यंत होता आणि त्या त्याला पाठ लावून बसल्या होत्या, जणू तो पाठीवर पडू नये म्हणून.

"इतक्या वर्षांत," बाई म्हणाल्या, "अध्यक्ष व्हायला आलेला प्रत्येक जण काहीतरी मागत आला. पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी कमी करा म्हणालं. मला भरून आलं. ही बाकं ठेवायला मी किती दिवस जागा शोधतेय!"

"बाई," छटाक म्हणाली, "ते उपरोधाने होतं."

"काय होतं?"

"उपरोध. म्हणजे बोलायचं एक आणि म्हणायचं असतं दुसरं."

बाईंनी थोडा विचार केला. "तसं इथे कोणी करत नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता विद्यार्थ्यांनी कौल दिलाय. मी कौलाच्या विरुद्ध कशी जाऊ? तूच सांग, आजोबा तर लेखक आहेत."

मी बोलायला तोंड उघडलं. छटाकने माझ्याकडे पाहिलं. मी ते मिटलं. पालथ्या घड्यावर पाणी घालायला हरकत नसते, पण घडा आपणच पालथा केलेला असला की जरा अवघड जातं.

दुपारी समारंभ झाला. ग्रंथपालबाईंनी डोळे टिपत दिवे मालवले, शिपायाने बाकं आत नेली, आणि नव्या अध्यक्षांच्या हस्ते कुलूप लावण्यात आलं. छायाचित्रात कुलूप तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठं दिसतं.

संध्याकाळी घरी आमची बैठक भरली. चिरंजीवांचं म्हणणं, दोष ध्वनियंत्रणेचा नाही, घंटा स्वच्छ वाजली. सूनबाईंचं म्हणणं, वेळेवर ब्रेक दाबला नसता तर पोरगी भरधाव निघून गेली असती. त्या दोन गृहस्थांपैकी एक काल पास झाला होता. तो केक घेऊन आला होता आणि आमच्या भांडणात साखरेच्या डब्याभोवती अचूक फिरत होता. "अप्पा, तुम्हीच ते उलटंसुलटं लिहिलंत!" दोघं एकदम म्हणाले. मी त्यांना सांगितलं की विनोदाला जाणकार श्रोता लागतो, त्याला माझा इलाज नाही, आणि उठून माझ्या खोलीत गेलो. निदान तिच्या पदग्रहणाचं भाषण तरी वेळेवर लिहून व्हावं, आणि या वेळी सरळ अर्थाचं.

छटाक आली. छातीवर अध्यक्षाचा पितळी बिल्ला होता, त्याच्या वजनाने सदरा एका बाजूला ओघळला होता. तिने माझ्या टेबलावरचं शब्दकोडं अलगद उचलून खिडकीत ठेवलं आणि तिथे भूमितीचं पुस्तक उघडलं.

"आजोबा, एक मागू?"

मी लेखणी खाली ठेवली. "माग. अध्यक्ष आहेस तू आता. वाटेल ते माग."

"दार लावून घ्या ना."

मी उठलो, दार नीट लावलं, कडी घातली, आणि येऊन खुर्चीत बसलो.

"आजोबा," छटाक पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाहेरून."