परांचीवरचा पेशंट

माझी बायको डॉक्टर आहे. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात ती सर्दी-तापापासून बाळांच्या लसींपर्यंत सगळं बघते. तिचा धाकटा भाऊ मोठ्या इस्पितळात सर्जन. भेटला की विचारतो, "ताई, अजून खोकल्याचीच औषधं देतेस?" ती हसते आणि विषय बदलते. मला मात्र ते लागतं. निवृत्त झाल्यापासून मी बाहेरच्या खोलीत बसून नंबर लावतो, त्यामुळे आत काय चालतं ते मला ठाऊक आहे.

आमच्या भागात एक रंगारी आहे. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणतात. त्याच्या लहानपणच्या लसी हिनेच टोचलेल्या. एकदा तो आईचे गुडघे दाखवायला आला. ही आईला तपासत होती, पण डोळे लेकावर. त्याने पाण्याची अख्खी बाटली घटाघटा संपवली आणि दुसरी मागितली.

"पँट सैल झाली रे तुझी," ही म्हणाली.

"काम जास्त आहे, बाई. मी ठणठणीत आहे."

"मग बोट दे इकडे."

साखर भलतीच वाढलेली निघाली. हिने गोळ्या दिल्या, खाण्यापिण्याचं समजावलं, पुढच्या आठवड्यात ये म्हणून बजावलं. तो मान डोलावून गेला तो गेलाच. फोन केला तर उचलेना. त्याची आई म्हणाली, "गोळ्या तशाच पडल्यात. विचारलं की अंगावर येतो."

दवाखाना दुपारी बंद झाला तशी ही बॅग घेऊन निघाली. मी मागोमाग. नव्या शाळेचं रंगकाम चालू होतं. आमचा शिडी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर.

"खाली उतर!" ही खालून ओरडली.

"बाई, हात रंगाचे आहेत!"

"मग मी वर येते!"

हिने खरंच बांबूला हात घातला. बाकीचे रंगारी खो खो हसायला लागले. तो भराभर उतरला.

हिने त्याला रंगाच्या उपड्या डब्यावर बसवलं आणि बूट काढायला लावले. टाचेत खिळा घुसून जखम चिघळली होती. त्याला पत्ताच नव्हता; साखरेने पाय बधिर झालेला, दुखतच नव्हतं ना! पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या बापाचा पाय असाच गेला, बाई. म्हणूनच येत नव्हतो. तुम्ही तेच सांगाल म्हणून."

ही खाली धुळीत बसली. त्याची टाच स्वतःच्या मांडीवर घेतली.

"तुझे वडील माझ्याकडे आले तेव्हा पाय काळा पडला होता. त्यांना माझ्यापर्यंत यायला उशीर झाला, हे मला अजून सलतं. तुझी जखम वेळेत सापडली आहे. हा पाय जाणार नाही. पण तुला माझं ऐकावं लागेल."

तो लहान पोरासारखा रडला. कोणी हसलं नाही.

त्यानंतर तो न चुकता येऊ लागला. ही जखम धुवायची, साखर बघायची, कधी रागवायची, कधी त्याच्या बायकोला बोलावून डब्यात काय द्यायचं ते ठरवायची. टाच सावकाश भरली. साखर ताब्यात आली. ना कापाकापी, ना इस्पितळाची वारी. बातमी व्हावी असं काहीच घडलं नाही, आणि हीच तर हिची करामत!

परवा सकाळी दवाखाना उघडला तर दारात रंगाऱ्यांची फौज उभी. शिडी सगळ्यांच्या पुढे.

"काका, यांचे नंबर लावा. कोणाला काही झालेलं नाही. व्हायच्या आधीच आणलंय."

मी ताठ बसलो, चष्मा पुसला आणि मोठ्या आवाजात पहिल्याचं नाव विचारलं.