कोचची उरलेली अर्धी दाढी

बाबांना बसल्या जागी झोप लागायची, म्हणून आम्ही त्यांना सुखी माणूस समजायचो. घोरणं इतकं दणदणीत की आई कौतुकाने म्हणायची, "छातीत जोर आहे हो." बीपी मात्र तीन-तीन गोळ्यांना दाद देत नव्हतं.

एका दुपारी आमच्या सलूनमध्ये, स्टुलावर बसून गिऱ्हाइकाची दाढी करता करता बाबांचा डोळा लागला. हातात वस्तरा, वस्तऱ्याखाली कोचचा गळा. कोच तलावावर पोहायला शिकवतात. लोकांचा दम मोजणं हा त्यांचा धंदाच. मी झाडू घेऊन जागच्या जागी थिजले.

बाबा दचकून जागे झाले.

"बावीस सेकंद," कोच ओठ न हलवता म्हणाले. "श्वास बंद होता तुमचा. पाण्याबाहेर एवढा दम कशाला धरता?"

"माफ करा, कोच."

"माफीचं नंतर बघू. आधी वस्तरा उचला."

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून कोच बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे त्यांचा अवतार बघून आधी कोचलाच नाव-वय विचारलं.

अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली. श्वास तासाला चाळीसदा अडत होता. दर वेळी हृदय घाबरून पळत सुटायचं. "मग बीपी उतरणार कसं?" डॉक्टर म्हणाल्या. झोपताना हवेच्या मशीनचा मास्क लावायचा आणि त्या सांगेपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही.

पण मास्कमधली हवा मिशीतून शिट्टी मारत निसटायची. तीस वर्षांची मिशी, दुकानाच्या पाटीवर रंगवलेली. दोन दिवस बाबा मिशी दाबून मास्क लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच खुर्चीत येऊन बसले.

"काढ गं."

"बाबा, पाटीवर आहे ती."

"पाटीला श्वास लागत नाही."

मी काढली. आईने घरी त्यांना आधी पाणी विचारलं, मग ओळखलं.

दोन महिन्यांनी बीपी ताब्यात आलं, एक गोळी कमी झाली, वस्तऱ्याची परवानगी मिळाली. पण बाबांचा हात उचलेना. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवायचे.

मग कोच आले आणि थेट बाबांच्या खुर्चीत बसले. "उरलेली अर्धी घ्यायला आलोय."

"पोरगी करेल."

"तिच्या हातात मी कधी मरता मरता वाचलोय?" कोचनी मान मागे टाकली, डोळे मिटले.

बाबांना आभार मानता येत नाहीत. त्यांनी ती दाढी पाऊण तास केली, गरम टॉवेल तीनदा लावला. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा कोचनी दम धरला.

"श्वास घ्या, कोच," बाबा म्हणाले. "मी मोजतोय."