खंडेनवमीचं तेल

मानसिंगदादा मिलिटरीतून पेन्शनीवर आला आणि आल्या आल्या त्याने आबांच्या सायकलचं कॅरियर कापलं. माझं डोकंच फिरलं. आमचे वडील, आबा, गेल्यापासून ती सायकल मी वापरत होतो. मी धाकटा भाऊ झालो म्हणून मला विचारायची रीत नसते काय? पण हा हवालदार, घरातसुद्धा हुकूमच सोडायचा.

औषध फवारायच्या पंपाचं जुनं इंजिन त्याने साताऱ्याच्या भंगारातून आणलं आणि मागच्या चाकावर बसवलं. इंजिनाला लोखंडी रूळ. रूळ फिरताना टायरला घासायचा आणि चाक पळायचं, एवढीच त्याची विद्या. पाचगणीच्या एका हॉटेलवाल्याने सांगितलं होतं, दसऱ्याला नाष्ट्याच्या आत दूध पोचव, वर्षाचा रतीब तुझा. त्या भरवशावर दादाने म्हशीसुद्धा आणून बांधल्या. मी भर पारावर म्हणालो होतो, ही फटफटी पसरणीच्या घाटात दादाला पाणी पाजणार. ते त्याच्या कानावर गेलं होतं.

खंडेनवमीला तो पेट्रोल आणायला वाईला गेला. इंजिनाला कुणी हात लावायचा नाही, असं बजावून गेला. दसऱ्याला उजाडायच्या आत चाकावरची पूजेची फुलं झटकून तो दूध घेऊन निघाला.

दुपारी सायकल ढकलत परत आला. दूध नासलं होतं. घाट लागताच रूळ नुसता जागेवर गरगरत राहिला, टायर पकडेना. घागरीएवढा कॅन लादून तो घाट चालत चढला. तोवर हॉटेलवाल्याने रतीब दुसऱ्याला देऊन टाकला होता.

दादाने रुळावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. शेंगतेलाचा वास होता.

"तूच लावलंस न्हवं?"

मी शिवी हासडणार, तेवढ्यात आई चुलीपुढून उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आरं, काल खंडेनवमी हुती. लोखंडाला तेल..."

तेव्हा मला कळलं. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळ्याला दर वर्षी तीच तेल लावायची. नवं लोखंड घरात आलेलं, ते कोरडं कसं ठेवील? दादाचा राग मला चांगला ठाऊक होता. तो आईवर निघालेला मला बघवला नसता. माझ्याशी त्याचं वैर होतंच, त्यात आणखी भर पडली तर काय बिघडणार होतं?

"व्हय," मी म्हणालो. "मीच लावलं."

त्याने मला मारलं नाही. सायकल उचलून माझ्या अंगावर ढकलली आणि आईला म्हणाला, उद्यापासून माझी चूल वेगळी.

संध्याकाळी गाव सोनं वाटत होतं. दसऱ्याला माणूस वैऱ्याचंही सोनं घेतो, म्हणून आपट्याची पानं घेऊन मी दादापुढं उभा राहिलो. त्याने हात मागे घेतले आणि तोंड फिरवलं. पानं जमिनीवर पडली.

आई वाकली. तिने एकेक पान वेचून पदरात घेतलं आणि दादाला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. मी मान हलवून नको म्हणालो.

तिने ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण पुढच्या खंडेनवमीपासून तिने तेलाची वाटी कधी हातात घेतली नाही.