खटक्यातलं कुंकू

वर्षातून एकदाच छप्पर उघडणारी गाडी सांगलीच्या गावभागात एकच होती, ती चिंतामणरावांची. फिकट निळी, जुन्या घाटाची, वर कापडी छप्पर. एरवी त्या छपराला ते कुणाला बोट लावू देत नसत. पण दसऱ्याच्या संध्याकाळी स्वतः छप्पर पुढच्या काचेला अडकवणारे दोन्ही खटके उघडत, ते मागे घडी करून ठेवत आणि उमाबाईंना शेजारी बसवून कृष्णेच्या पुलावरून सीमोल्लंघनाला निघत. रस्त्यावरची माणसं हात उंचावून त्या उघड्या गाडीत आपट्याची पानं टाकत. घरी येईपर्यंत उमाबाईंच्या मांडीवर सोन्याचा ढीग झालेला असे.

चिंतामणराव गेले आणि गेल्या दसऱ्याला गाडी ताडपत्रीखालीच राहिली. यंदा मात्र उमाबाईंनी ठरवलं होतं, गाडी आपण काढायची. चालवायला त्यांना नवऱ्यानेच शिकवलं होतं, तेव्हा तो प्रश्न नव्हता. प्रश्न थोरल्या जाऊबाईंचा होता.

थोरल्या जाऊबाई कुणाला टाकून बोलत नसत, त्या फक्त काळजी करत. "जायचंय तर जा बाई उमा," त्या म्हणाल्या. "पण छप्पर मिटलेलंच असू दे. उगाच चार लोकांच्या नजरेत कशाला यायचं? आणि गाडीला हळदकुंकू आमची सून लावेल, अपेक्षा. सवाष्ण आहे ती. तू नको त्रास घेऊस." साखरेत घोळलेली सुरी म्हणतात ती हीच. गप्प राहण्यात उमाबाईंची हयात गेली होती, आता एकाएकी तोंड कुठून फुटणार?

त्यातून गाडीही जाऊबाईंना फितूर झाली. डावा खटका सुटला, पण चालवणाऱ्याच्या डोक्यावरचा उजवा काही केल्या हलेना. उमाबाईंचा मुलगा पुष्कर दसऱ्यासाठी पुण्याहून आला होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हर घालून जोर केला आणि काचेच्या चौकटीवर बोटभर ओरखडा काढून ठेवला. "आई, काकू म्हणतात तसं मिटलेलंच राहू दे ना," तो म्हणाला, आणि मोबाइल घेऊन आत गेला. उमाबाईंना रडू आलं नाही, राग आला. त्यांनी अर्जुनाला फोन लावला.

अर्जुना मूळचा आटपाडीकडचा. बापजादे मेंढरांमागे हिंडले, हा गाड्यांमागे लागला. चिंतामणराव त्याच्याशिवाय कुणाला बॉनेट उघडू देत नसत. तो आला, पण हात हलवत.

"हत्यारं कुठं आहेत तुझी?" उमाबाईंनी विचारलं.

"आवं काकू, आज खंडेनवमी न्हवं का! पाने, पक्कड समदी धुऊन पूजेला मांडल्याती. उद्या सांजच्याला उत्तरपूजा हुईपतुर हात लावायचा न्हाई. तुमी बोलावलं, म्हटलं बघून तरी यावं."

"उद्या संध्याकाळी तर निघायचंय मला."

"मग मी सांगतो, हात दुसऱ्या कुनाचा तरी चालू द्या. पर हत्यारं तर सगळ्यांच्याच घरात पूजेला असतील."

"माझी नाहीत," उमाबाई म्हणाल्या. "हे गेल्यापासून माझी कुणी मांडलीच नाहीत."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. अर्जुनाच्याही आलं असावं. तो एकदम छपराकडे बघायला लागला.

उमाबाईंनी आपली हत्यारं आणली. केसांतली लांब पिन, दात घासायचा जुना ब्रश, शिलाई मशीनच्या तेलाची बुधली आणि माळ्यावरच्या बाटलीत तळाशी उरलेलं रॉकेल. त्या स्टिअरिंगमागे बसल्या आणि मान वर करून कामाला लागल्या. खटक्याची दांडी खाली ओढली की तिचा आकडा काचेच्या चौकटीवरच्या कडीतून सुटायचा, एवढी साधी गोष्ट. पण दांडी जागची हलत नव्हती.

"जोर नगा करू. मोडला तर दुसरा मिळायचा न्हाई," अर्जुना बाहेरून वाकून सांगत होता. "रॉकेल मुरू द्या. आता पिन घाला फटीत. काय निघतंय?"

निघालं ते विटकरी, मधेच पिवळं. अर्जुनाने चिमटीत घेऊन वास घेतला. "ह्यो गंज न्हवं, काकू. हळद हाय ही."

उमाबाई बघतच राहिल्या. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्यांनी बॉनेटवर हळदकुंकू लावलं, तेव्हा चिंतामणराव कळवळले होते, "अगं, रंगाला डाग पडेल!" तेव्हापासून त्या कुणाला दिसणार नाही असं लावत आल्या होत्या, आत, या खटक्याच्या फटीत. शिवाय खटक्याला तेल द्यायला हवं असं तेच म्हणायचे, म्हणून देव्हाऱ्यातल्या तेलाचं एक बोटही. दरवर्षी, न चुकता. त्यांनी ते अर्जुनाला सांगितलं.

"घरचं कुंकू म्हंजे हळद आन् चुना. वरनं तेल," अर्जुना हसायला लागला. "खिडकीच्या काचा बसवायला लांबी लावत्यात, ती झाली की ही! पूजा करून करून तुमी गाडीचं तोंडच बुजवलंसा!"

उमाबाईही हसल्या, खूप दिवसांनी. आणि हसता हसता हात थांबला. अख्खा संसार त्या फटीत साठून बसला होता. तो आता पिनेने कोरून काढायचा? चिंतामणराव गेले त्या दिवशी कपाळावरचं कुंकू पुसायला जाऊबाईंनीच ओला रुमाल पुढे केला होता आणि उमाबाईंनी तो मुकाट्याने घेतला होता. ते आठवून त्यांचा जीव कळवळला. एवढं तरी राहू द्यावं, असं फार वाटलं.

"थांबलासा का?" अर्जुना म्हणाला. "कुंकू लावलंसा ते छप्पर उघडायसाठीच न्हवं का?"

त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पिन घातली. दुपार कलेपर्यंत कोरणं, ब्रशने झाडणं, तेलाचा थेंब सोडणं चाललं. मग दांडी कुरकुरली, थोडी हलली, आणि आकडा कडीतून सुटला. कापड सैल पडलं.

"आता ह्यात फकस्त ग्रीस," अर्जुनाने बजावलं. "हळदकुंकू लावायचं ते दुसरीकडं लावा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली, छप्पर मागे घडी केलेलं. जाऊबाई पायरीवर आल्या, उघडी गाडी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. अपेक्षा ताट घेऊन पुढे झाली. उमाबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं. खटक्यात आता कुंकू लावायचं नव्हतं, तेव्हा जागा एकच उरली. सगळ्या गल्लीसमोर त्यांनी निळ्या बॉनेटच्या मधोमध हळद लावली, मग ठसठशीत कुंकू.

"उमा," जाऊबाई म्हणाल्या, आणि बोट पुसायला त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

उमाबाईंनी रुमालाकडे बघितलं. मग त्या गाडीच्या आरशापुढे वाकल्या आणि बोटाला राहिलेलं कुंकू त्यांनी कपाळाला लावलं.

"येते हं, जाऊबाई," त्या म्हणाल्या आणि गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी हात उंचावला, आणि पहिलं पान त्यांच्या मांडीवर पडलं.