आखाजीची मोटार

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मला माहेरी न्यायला माझा भाऊ रुपचंद मेहरूणला आला, तर यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आबांना सांग, म्हणाले, नात मोटारीतून येईल. आता आखाजी उद्यावर आली आणि मोटार अंगणातून हलेना.

कापसाच्या एका जिनवाल्याकडून यांनी घेतलेली जुनी मोटार ती. हँडल मारलं की फाटकापर्यंत जायची आणि आचके देऊन बंद पडायची. पेट्रोलात कचरा आहे, हे यांचं ठाम मत. म्हणून नरसाळ्यात घरच्या कापसाचा बोळा ठेवून पेट्रोल गाळायचे. बंद पडली की बोळा आणखी मोठा. दिवसभर हेच बघून सासूबाई ओट्यावरून यांना म्हणाल्या, "सुपडू, मोटार शे का म्हैस? बठ्ठा दिन बशेल शे."

एसटीनं जाते, असं मी हळूच सुचवून पाहिलं. हे पाना घेऊन पुन्हा मोटारीखाली शिरले. तिकडे पारोळ्याला आबांची नजर अधू होत चालली होती आणि नातीचं तोंड त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. यांना ते ठाऊक होतं, म्हणून तर न जेवता मोटारीखाली पडून होते. मला राग यायचा, तेवढ्यात उन्हात राहिलेले त्यांचे पाय दिसायचे.

लेकीला कडेवर घेऊन पाणी द्यायला गेले, तर हे पेट्रोलची नळी तोंडानं ओढून थुंकत होते. ओठाला पांढरं काही चिकटलेलं. मी बोटानं काढलं.

"अहो, हा तर आपलाच कापूस."

त्यांनी आधी माझं बोट पाहिलं, नंतर नरसाळ्यातला बोळा. मग हसले, स्वतःलाच. दोघांनी मिळून नळी साफ केली, पेट्रोल धुवट फडक्यातून गाळलं. मोटार फाटकापर्यंत गेली, वळून आली, तरी सुरूच.

"बंद केली तर भरवसा नाही," हे आतूनच म्हणाले. "अशीच बस."

केस विंचरलेले नाहीत, लुगडं कामाचं. सासूबाईंनी दोरीवरचे कपडे गोळा करून मागे टाकले.

पारोळ्याला पोचलो तेव्हा ओसरीवर अजून ऊन होतं. आबांनी नातीला उचलून अगदी डोळ्यांशी धरलं.

"तीट जरा मोठी लावलीस गं."

तिच्या गालावर माझ्या बोटाचं काळं तेल लागलेलं होतं. मी ते पुसलं नाही.